नाशिकच्या इतिहासातल्या स्त्रिया: ८ मार्चच्या प्रदर्शनाचे फलक कसे करावेत?

गोदाकाठ
पंचवटीतल्या आमच्या महिला मंडळाचं ८ मार्चला प्रदर्शन आहे. हॉल ३० बाय २० फूट, तीन भिंती मोकळ्या, चौथीला खिडक्या. साधारण १६ फलक बसतील. दरवर्षी जिजाऊ, सावित्रीबाई, झाशीची राणी यांचे तयार फलक भाड्याने आणून लावतात. त्या थोर आहेतच, पण यंदा विषय फक्त नाशिक शहर आणि जिल्हा असा ठरलाय. हाताशी वेळ सहा आठवडे, मजकूर शून्य. कोणाला घ्यावं, खात्री कशी करावी, छपाईत काय सांभाळावं, जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पाषाणलेख
विषय फार चांगला निवडलाय. सुरुवात पांडवलेण्यांपासून करा. त्रिरश्मी डोंगरावरच्या २४ लेण्यांत निदान पाच शिलालेख असे आहेत की ज्यांत स्त्री स्वतःच्या नावाने दान देते. पाच फलक इथेच झाले.

पहिला मान लेणं क्र. ३ मधल्या गौतमी बलश्रीचा. नातू, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिलं. लेखात तिने मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन केलंय: शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा, क्षहरात या शक घराण्याचा वंश निःशेष करणारा, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. असिक, अश्मक, मुळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती अशी प्रदेशांची यादीही तिथेच आहे. गौतमीपुत्राबद्दल शाळेच्या पुस्तकात जे असतं त्यातलं बरंचसं या एका लेखातून आलंय. आईने कोरून ठेवलं नसतं तर या राजाबद्दल आपल्याला फार थोडं कळलं असतं. फलकावर हे ठळक अक्षरात लिहा.

तिचा कारभारातला भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षाचा एक आदेश आहे, तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने गोवर्धनचा, म्हणजे तेव्हाच्या नाशिक परिसराचा, अमात्य (अधिकारी) श्यामक याला दिलेला. कखडी गावातलं जे शेत भिक्षूंना आधी दिलं होतं ते कोणी कसत नव्हतं, गावही ओस पडलेलं. म्हणून त्याऐवजी शहराच्या हद्दीवरची राजाच्या मालकीची १०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन द्यावी, असा तो हुकूम. जमिनीची अदलाबदल हे रोजच्या कारभाराचं काम, आणि त्यात तिचं नाव आहे.

लेणं क्र. १० मध्ये दोघी. दक्षमित्रा ही क्षहरात क्षत्रप नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको, तिने भिक्षूंसाठी एक खोली दिली. दुसरी विष्णुदत्ता, आणि माझ्या मते तुमच्या प्रदर्शनातला सगळ्यात मोलाचा फलक तिचाच होईल. आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षी या शक उपासिकेने विहारातल्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली. पैसे देऊन मोकळी झाली नाही, गोवर्धनमधल्या कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ते गुंतवले: कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभार, यांच्याकडे १००० कार्षापण (तेव्हाची नाणी), ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे २०००, शिवाय तेल्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. मुद्दल तसंच ठेवून व्याजातून औषधं. लेखाचा खालचा भाग झिजलाय, तेव्हा सगळ्या रकमांची बेरीज करून एकच आकडा फलकावर छापू नका.

लेणं क्र. १८, म्हणजे चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह), पूर्ण करवलं भट्टपालिकेने. आणि क्र. २० चं काम बोपकी नावाच्या भिक्षूने सुरू केलं होतं, ते बरीच वर्षं अर्धवट पडलं. यज्ञश्री सातकर्णीच्या ७ व्या वर्षी महासेनापती भवगोपाची बायको वासू हिने ते पुरं केलं.

आता चुका कुठे होतात ते. लेखाचा क्रमांक आणि लेण्याचा क्रमांक वेगळा असतो. फ्रेंच अभ्यासक सेनारने 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या मालिकेच्या ८ व्या खंडात दिलेल्या यादीत बलश्रीचा लेख क्र. २, पण लेणं क्र. ३. लोक हे दोन हटकून एकमेकांत मिसळतात आणि मग बघायला गेलेला माणूस भलत्याच लेण्यात उभा राहतो. दुसरं, राज्यवर्षाला इसवी सनाचा नेमका आकडा चिकटवू नका. सातवाहनांच्या कालगणनेवर अभ्यासकांचं एकमत नाही. 'पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष, इसवी सनाचं दुसरं शतक' एवढं पुरे. तिसरं, बलश्रीचं चित्र म्हणून इंटरनेटवर जे फिरतं ते कल्पनेतलं आहे. लेखाचाच फोटो लावा.

उजेडसावली
फोटोबद्दल भर घालतो. लेणी साधारण उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे व्हरांड्याच्या भिंतीवर थेट ऊन क्वचित येतं. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला की खोदलेली अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. फ्लॅश बंद ठेवा. दुसऱ्या माणसाने बॅटरी भिंतीच्या एका कडेला, भिंतीला जवळजवळ समांतर धरायची, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते. एकाच जागेवरून चार फोटो घ्या, उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. ब्राह्मीतली काही अक्षरं एका बाजूच्या उजेडात दिसतात, काही दुसऱ्या. कॅमेरा भिंतीच्या बरोबर समोर हवा, तिरका धरला तर ओळी एका टोकाला निमुळत्या होतात.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, पाणी, काहीही लावू नका. हे संरक्षित स्मारक आहे, तिवई लावायची किंवा ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. नुसत्या हातातल्या मोबाइलने काम भागतं.

मोडीवाचक
पेशवाईच्या फलकांसाठी थोडं. गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, उत्तरायुष्यात नाशिकजवळ गंगापूरला राहिल्या आणि १७८८ मध्ये नाशिकलाच वारल्या. सवाई माधवरावाने आजीकडे, राजाने कसं वागावं म्हणून सल्ला मागितला, तेव्हा त्यांनी लेखी उपदेश पाठवला. त्यांच्या फलकाचा गाभा तो ठेवा, नुसतं 'अमुकाची पत्नी, तमुकाची आई' नको.

आनंदीबाईंना घ्या किंवा घेऊ नका, पण घेतलंत तर 'ध चा मा' ही गोष्ट सिद्ध झालेला इतिहास म्हणून छापू नका. आनंदवल्लीचं नाव त्यांच्यावरून पडलं, हे नाशिककरांना सांगण्यासारखं आहे.

अहिल्याबाईंच्या बाबतीत उलटी चूक होते. दिसेल त्या घाटाखाली आणि देवळाखाली त्यांचं नाव घालतात. त्यांचं काम इतकं मोठं आहे की दुसऱ्याचं त्यात घालायची गरजच नाही. ज्या वास्तूवर शिलालेख आहे किंवा होळकरांच्या कागदात नोंद आहे तीच घ्या. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल तुमच्याच जिल्ह्यात आहे, फलकाला फोटो तिथला मिळेल.

तारखांचं गणित: शकाचं वर्ष चैत्रात बदलतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण प्रसंग जानेवारी ते फाल्गुनअखेर यामधला असेल तर ७९. मोडी कागदात सुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांतली एक कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. महिना ठाऊक नसेल तर '१७७१-७२' असं जोडवर्ष लिहा.

नाव_गाव
वरच्या विष्णुदत्तेच्या लेखात एक गोष्ट बघा. ती अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई, अशी तिन्ही नाती दिलीत. भट्टपालिकेच्या लेखात तर आजोबांचं नावही आहे. नोंदीत बाई शोधायची ती अशीच, नात्याच्या वाटेने. अनुक्रमणिकेत तिच्या नावाने काही सापडलं नाही म्हणून 'माहिती उपलब्ध नाही' लिहून मोकळं होऊ नका.

कामाची पद्धत सांगते. प्रत्येक स्त्रीसाठी एक कागद. वर चार रकाने: माहेरचं नाव, सासरचं नाव, लोक कोणत्या नावाने ओळखत, कोणाच्या संदर्भात नोंद सापडते. मग चारही नावांनी शोधा. उदाहरणार्थ लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. लक्ष्मीबाई एवढंच धरून बसलात तर लग्नाआधीचं काहीच सापडणार नाही. 'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात आलं आणि त्या १९३६ मध्ये नाशिकला गेल्या, म्हणजे शेवटचा भाग त्यांच्यामागे छापला गेला. फलकावर 'कवी टिळकांच्या पत्नी' हे शेवटी येऊ द्या, आधी त्यांचं गद्य.

दुसरं उदाहरण येसूवहिनी, बाबाराव सावरकरांच्या पत्नी. बाबारावांच्या कागदांत शोधल्याशिवाय त्या दिसतच नाहीत. त्यांनी नाशिकमध्ये आत्मनिष्ठ युवती संघ काढला. १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, घरावर जप्ती आली, आणि १९१९ मध्ये नवऱ्याची भेट न होताच त्या गेल्या. संघाचं काम पहिल्या परिच्छेदात आणि सोसलेलं दुसऱ्यात, हा क्रम ठेवा. नाहीतर फलक नुसता हळहळ वाटायला लावतो, त्यांनी काय केलं ते मागे पडतं.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये कुटुंबातल्या बायकांची नावं मिळतात. वही मागताना मूळ गाव, आडनाव आणि जात सांगावी लागते, कारण उपाध्ये त्यानुसार वाटलेले आहेत. जुनी वर्तमानपत्रं आणि अंक यांच्यासाठी सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं. आणि १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १६ वा खंड. त्यात बायकांचं काम 'जाती आणि धंदे' या भागात विखुरलेलं आहे, सलग शोधू नका.

चारीदारे
१९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह विसरू नका. २ मार्चला सुरुवात झाली, म्हणजे प्रदर्शनाच्याच आठवड्यात तारीख येते. मंदिराच्या चार दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. फलकावर बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांचेच फोटो लागतात आणि त्या २५ जणी गायब होतात. आकडा मोठा छापा. त्यांच्या नावांसाठी शहरातल्या जुन्या वस्त्यांमध्ये घरोघर विचारावं लागेल आणि प्रत्येक नावाला दोन स्वतंत्र दुजोरे हवेत, एकाच घरातली दोन माणसं म्हणजे दोन दुजोरे नव्हेत.

शांताबाई दाणींना वेगळा फलक द्या. नाशिकच्या, आंबेडकरी चळवळीतल्या नेत्या, विधान परिषदेच्या सदस्य, मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलेल्या. २००१ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायका आज शहरात आहेत. त्यांच्याशी आत्ताच बोला.

सिन्नर_वावी
राण्या आणि पुढारी झाल्या, आता हातांनी जिल्हा चालवणाऱ्या बायकांना किमान तीन फलक ठेवा अशी कळकळीची विनंती. सिन्नरच्या विडी कामगार, येवल्याच्या पैठणीतल्या बायका, लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवर निवडणी करणाऱ्या.

विडीचा फलक कामाच्या क्रमाने करा: तेंदूचं पान भिजवणं, पत्र्याच्या मापावर कातरणं, तंबाखू भरणं, वळणं, दोऱ्याने बांधणं, तोंड दुमडणं. मजुरी हजारी विड्यांवर असते आणि नापास केलेल्या विड्या हिशेबातून कापल्या जातात, सगळा तंटा तिथेच. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला. जुनं ओळखपत्र किंवा हिशेबाचं पुस्तक मिळालं तर तेच फलकाचं मुख्य चित्र करा. बघताना कार्ड कोणाच्या नावावर आहे ते तपासा, काम एकीने केलेलं आणि नाव दुसऱ्याचं असं असू शकतं.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फोटो मागावर बसलेल्या विणकराचा असतो, पण रेशीम उकलणं, रहाटावर कांड्या भरणं हे घरातल्या बायका करतात आणि त्याशिवाय माग एक दिवस चालत नाही. फोटो रहाटाचा घ्या.

मुलाखती घेताना 'कसं वाटायचं?' असं विचारलं की 'काय वाटणार, करायचं ते करायचं' एवढंच उत्तर येतं. वस्तू आणि आकडे विचारा. हजारी दर पहिल्यांदा किती होता, माल घ्यायला कोण यायचं, पान कमी पडलं तर कोण भरायचं, सुपात आधी काय ठेवायचं. मोबाइल विमान मोडवर, पंखा बंद, फोन बोलणारीपासून एक-दोन वितींवर, खाली जाड कापड. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात, म्हणून सहा आठवड्यांत आठ मुलाखतींच्या वर जाऊ नका. संमतीपत्रावर तीन वेगळे प्रश्न ठेवा: नाव छापू का, फोटो लावू का, आवाज ऐकवू का. एकाच सहीत तिन्ही गुंडाळू नका. पुष्कळ जणी आवाजाला हो म्हणतात, फोटोला नाही.

रनर४२२
खेळाडूही घ्या! कविता राऊत, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. हा फलक मुलींच्या उंचीवर लावा.

फलककार
आता छपाई. फलक २ बाय ३ फूट ठेवा, ५ मिमी सनबोर्डवर (हलका फोमचा पत्रा) व्हिनाइल प्रिंट. वरून मॅट लॅमिनेशन. चकचकीत घेतलंत तर खिडक्यांचा उजेड त्यात दिसेल आणि समोरच्या भिंतीवरचं काही वाचता येणार नाही. दर चौरस फुटावर असतो, एक फलक ६ चौ. फूट, १६ फलक ९६ चौ. फूट, तेवढ्यावर भाव विचारा.

फाइल प्रत्यक्ष मापात १५० डीपीआय, म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो या मापाला फुटतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मजकूर १२० ते १५० शब्द, त्याहून एकही जास्त नको. अक्षर किमान ३० पॉइंट. शीर्षक ९०. फलकाचा मध्य जमिनीपासून १४० सेंमीवर.

सगळ्यात जास्त घोटाळा मराठी अक्षरांचा होतो. छपाईवाल्याकडे जुनं कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) असेल तर युनिकोड मजकूर पेस्ट केल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, 'स्त्रिया' या शब्दातच गडबड होते, जोडाक्षरं सुटून मधे हलन्त दिसतात, 'दुसऱ्या'तला अर्धा र तुटतो. त्याला वर्डची फाइल देऊच नका. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, किंवा अक्षरांचं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून, द्या. कर्व्ह केल्यावर चूक सुधारता येत नाही, म्हणून त्याआधी दोघींनी मोठ्याने वाचून तपासा, एकीने वाचायचं आणि दुसरीने मूळ कागद धरायचा. तारखा आणि नावं उलट क्रमाने, शेवटच्या फलकापासून पहिल्याकडे तपासली तर डोळा घसरत नाही.

नाशिकचा मार्च म्हणजे दुपारी कडक ऊन. सनबोर्ड उन्हात वाकतो. खिडकीसमोर लावू नका आणि गाडीच्या टपावर उघडा नेऊ नका. दुहेरी चिकटपट्टी चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही, रात्रीत फलक खाली येतात. मागे दोन ठिकाणी भोक पाडलेल्या पट्ट्या लावून तारेने टांगा.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, १६ ची यादी जवळजवळ झाली. दोन शंका. घरोघरचे जुने फोटो मिळताहेत, पण काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटलेले आहेत. आणि ज्यांचा फोटोच नाही त्यांचं काय?

उजेडसावली
चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर निघून येतो. अख्खं पान स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला १२००, टिफमध्ये साठवा. सुटा फोटो असेल तर मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेलं साल तिथे मिळतं. ओळख पटल्यावर मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. मूळ फोटो त्याच दिवशी परत द्या आणि पोच लिहून घ्या. संगणकाने रंगवलेले, चेहरा 'सुधारलेले' फोटो लावू नका. त्यात डोळे, दागिने, कुंकू सगळं बदलतं आणि घरच्यांनाही ओळख पटत नाही.

नाव_गाव
फोटो नसेल तर फुलांची चौकट किंवा बाईची काळी आकृती टाकू नका. तिच्या कामाची वस्तू, तिची सही, तिच्या नावाची कागदातली ओळ मोठी करून लावा. दक्षमित्रेसाठी तिचं नाव ब्राह्मीत, खाली देवनागरीत.

एक जास्तीचं सुचवते. दाराजवळ टेबल ठेवून कोरे छापील कागद ठेवा, लोक आपल्या घरातल्या, गल्लीतल्या बायकांची माहिती देतील. नुसती वही ठेवलीत तर 'माझी आजी फार कष्टाळू होती' यापलीकडे काही हाती लागत नाही. रकाने छापा: पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, काय काम केलं, अंदाजे साल, पुरावा काय (फोटो, कार्ड, पत्र, नुसती आठवण), माहिती देणाऱ्याचं नातं. फोन नंबर वेगळ्या चिठ्ठीवर घ्या आणि ती लगेच बंद डब्यात टाका, टेबलावर उघडा पडू देऊ नका. कागद आणि चिठ्ठी दोन्हींवर एकच अनुक्रमांक आधीच घाला, नाहीतर नंतर जोड्या लागत नाहीत. टेबलापाशी लिहिणारी एक मुलगी बसवा. ज्या आज्यांकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं त्यांतल्या पुष्कळ जणींना लिहिता येत नाही.